उशीखालच्या पोळ्या: प्रतिपालक घरातल्या मुलीबद्दलच्या प्रश्नाला उत्तर

इंदिरानगरमधल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात तो असा: "चार महिन्यांपूर्वी बाल कल्याण समितीच्या आदेशाने नऊ वर्षांची मुलगी आमच्याकडे प्रतिपालकत्वाने, म्हणजे दत्तक न घेता सांभाळायला आली. मूळची पेठ तालुक्यातली. वडील नाहीत. आई दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जायची, पण मानसिक आजारामुळे आता सांभाळ करू शकत नाही. मुलगी दोन वर्षं बालगृहात होती. आमच्याकडे पहिला महिना फार शहाण्यासारखी वागली. आता उशीखाली पोळ्या लपवते, धडधडीत खोटं बोलते, जवळ घेतलं की अंग चोरते. आई भेटून गेली की दोन दिवस घर डोक्यावर घेते. येत्या शनिवारी पुन्हा भेट आहे. आमचा तेरा वर्षांचा मुलगा म्हणतो, तिला परत पाठवा. ती आम्हाला कुठल्याच नावाने हाक मारत नाही. तिला थेरपीला न्यायचं का? कुठल्या? आणि पुढे ती कायमची आमची होऊ शकते का?"

ताई, थेरपीला जरूर या, पण पहिल्या दोन-तीन वेळा तिला न आणता तुम्ही दोघंच या. बावीस वर्षं नाशिकमध्ये मुलांबरोबर काम केल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे. समुपदेशक आठवड्यातून पाऊण तास भेटतो. उरलेला सगळा आठवडा ती तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या दिवाणखान्यात, तुमच्या मुलाच्या शेजारी असते. तिचं बरं होणं तिथे घडणार आहे. आम्ही पाऊण तासात मुख्यतः एकच करू शकतो, की तिच्या वागण्याचा अर्थ तुम्हाला लागावा आणि तुमचा धीर सुटू नये.

रुमानियात 2000 साली सुरू झालेला एक मोठा अभ्यास आहे. बुखारेस्टच्या अनाथालयांतली 6 ते 31 महिन्यांची 136 मुलं निवडली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांतली निम्मी प्रतिपालक कुटुंबांत दिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, माणसाला जवळ करण्याची ताकद, सगळंच संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगलं वाढलं. वयाची दोन वर्षं पुरी होण्याआधी घर मिळालेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. या अभ्यासाचा उल्लेख झाला की लोक वयाच्या मुद्द्यावरच अडकतात आणि "आता नऊ वर्षांची झाली, उशीर झाला" म्हणून हताश होतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या कुटुंबांना एकटं सोडलेलं नव्हतं. सामाजिक कार्यकर्ते त्यांच्याकडे नेमाने जात, अडचणी ऐकत, सल्ला देत. आधार मिळालेलं कुटुंब हेच तिथे औषध होतं.

आता पोळ्यांकडे येते, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागलंय. "आम्ही काय उपाशी ठेवतो का तिला?" असं तुम्ही लिहिलंय. नाही ठेवत. पण ज्या मुलीने मजुरांच्या पालावर आई कामावरून परत येईल की नाही, आज चूल पेटेल की नाही याची वाट पाहिली आहे, तिचं पोट तुमच्या भरल्या डब्यांवर चार महिन्यांत विश्वास ठेवत नाही. तिच्या डोक्याला कळतं की इथे जेवण मिळतं. शरीराला अजून कळलेलं नाही. लपवलेली पोळी ही तिची ठेव आहे. तुम्ही ती रागाने काढून फेकलीत की तिच्या लेखी जुनाच धडा खरा ठरतो: इथेही भरवसा नाही.

उपाय साधा आहे, पण नेटाने करावा लागतो. तिच्या हाताला येईल अशा फळीवर झाकणाचा एक डबा ठेवा, तिच्या नावाचा. त्यात राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, मुरमुरे, जे टिकेल ते. तिला एकदाच सांगा, "हा डबा तुझा. रात्री भूक लागली तरी विचारायचं नाही, घ्यायचं." आणि तो कधीही रिकामा होऊ देऊ नका. डबा भरण्याला शिस्तीशी जोडायचं नाही. अभ्यास झाला नाही म्हणून डबा बंद, असं एकदा जरी झालं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उशीखालची पोळी सापडली तर आरडाओरडा न करता म्हणा, "ही शिळी झाली, मुंग्या येतील, तुझ्या डब्यात ताजं ठेवते." माझ्या अनुभवात आधी लपवणं वाढतं, मुलगी डब्याची परीक्षा घेते, मग हळूहळू कमी होतं. कुणाला सहा आठवडे लागतात, कुणाला वर्ष. एका घरात मुलाने लपवणं थांबवल्यावरही डबा तीन वर्षं भरलेलाच ठेवला होता. मला ते फार आवडलं.

पहिल्या महिन्यातल्या शहाणपणाबद्दल. तो पाहुणेपणा होता. पाहुणा ताटात काही टाकत नाही, आवाज चढवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वागणं बिघडलं की प्रतिपालक घाबरतात, संस्थेला फोन करतात, आणि नेमकं इथेच बरीच घरं तुटतात. प्रत्येक वेळी बिघडणं चांगलं लक्षण असतं असं मी म्हणणार नाही. पण बहुतेकदा मूल तपासत असतं की मी वाईट वागले तरी हे लोक मला ठेवतात का.

खोटं बोलण्याचंही तसंच. ज्या गोष्टीचं उत्तर तुम्हाला माहीत आहे ती तिला विचारू नका. ग्लास फुटलेला दिसतोय, घरात तीच होती, मग "कोणी फोडला?" हा प्रश्न म्हणजे तिला खोटं बोलायला दिलेलं आमंत्रण. "ग्लास फुटलाय. चप्पल घाल, आपण काचा गोळा करू." एवढंच. खरं सांगितल्यावर मार किंवा हकालपट्टी होत नाही हे तिला अनेकदा पाहू द्या, खरं बोलणं मग आपसूक वाढतं.

जवळ घेण्याबद्दल मात्र मी तुम्हाला थांबवणार आहे. आपल्याकडे प्रेम म्हणजे कवटाळणं, पापे घेणं, आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या मांडीवर बसवणं. तिच्या अंगाला कोणी कोणत्या हेतूने हात लावला होता हे आपल्याला माहीत नाही. म्हणून विचारून स्पर्श. "वेणी घालू का?" हा मला सर्वांत चांगला रस्ता वाटतो. वेणी घालताना ती पाठमोरी असते, नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि कधी संपणार हे तिला ठाऊक असतं. रविवारी डोक्याला तेल, रोज सकाळी वेणी. कधी नको म्हणाली तर "बरं" म्हणून कंगवा तिच्या हातात द्या. तिचं "नको" ऐकलं जातं हे कळल्यावरच तिचं "हो" खरं असेल.

याच्या अगदी उलट काही लोक "होल्डिंग थेरपी" नावाने सांगतात, की मुलाला घट्ट धरून ठेवायचं, ते दमेपर्यंत सोडायचं नाही, म्हणजे माया लागते. असलं कोणी सुचवलं तर तिथून उठून या. 2000 साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये अशाच पद्धतीच्या "पुनर्जन्म" प्रयोगात दहा वर्षांची दत्तक मुलगी चादरींत गुदमरून मेली. माया दाबून लावता येत नाही.

मग थेरपीत होतं काय? या वयाच्या मुलांशी आम्ही खेळातून काम करतो. वाळूचा ट्रे, बाहुलीघर, माती, चित्रं. "तुझ्यावर काय काय गुदरलं ते सांग" असं आम्ही विचारत नाही, आणि तुम्हीही विचारू नका. एक मुलगा सहा महिने वाळूत घर बांधून त्यावर बादलीभर वाळू ओतायचा. एके दिवशी त्याने ओतली नाही, घराला दार काढलं. त्यावर मी काही बोलले नाही, बोलायची गरजही नव्हती. वाईट आठवणी स्वप्नांतून, दचकण्यातून सारख्या वर येत असतील तर आघातावर केंद्रित असलेली बोधात्मक वर्तनोपचार पद्धत वापरतात, म्हणजे त्या आठवणींभोवतीचे विचार आणि वागणं हळूहळू बदलायला मदत करणारी. तिच्यामागे चांगला पुरावा आहे. तिच्यातही सांभाळणारा मोठा माणूस उपचाराचा भाग असतो. समुपदेशक निवडताना एक प्रश्न विचारा: "आमच्याबरोबर किती वेळ काम कराल?" मुलीला आत घेऊन तुम्हाला बाहेर बाकावर बसवणारा माणूस या कामाचा नाही, असं मी स्पष्ट म्हणेन.

त्याआधी तिची शरीरतपासणी करून घ्या. हे सांगायला आम्ही मानसतज्ज्ञ विसरतो. हिमोग्लोबिन, जंत, डोळे, कान. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पट्ट्यातली मुलगी असल्यामुळे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही तपासणी हवीच. हातपाय दुखतात म्हणून चिडचिड करणाऱ्या मुलाला "नाटकी" ठरवलेलं मी पाहिलंय, आणि नंतर रिपोर्ट हातात आल्यावर सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तसंच "अतिचंचल आहे, गोळ्या सुरू करा" याची घाई नको. सतत धोक्याच्या तयारीत असणारं मूल वर्गात दाराकडे बघत बसतं, प्रत्येक आवाजाला मान वळवतं. ते अतिचंचलपणासारखंच दिसतं. द्राक्षबागांच्या भागातून आलेला एक मुलगा फवारणीच्या ब्लोअरचा आवाज लांबून जरी आला तरी थिजून जायचा, प्रश्न विचारला तर ऐकूच यायचं नाही त्याला. कारण सापडायला आम्हाला पाच महिने लागले. तुमच्या मुलीचंही टिपण ठेवा: कुठला वास, कुठला आवाज, कुठला रस्ता. छोट्या वहीत तारीख आणि दोन ओळी पुरेत.

मनोविकारतज्ज्ञांकडे ताबडतोब न्यायची कारणं वेगळी आहेत. स्वतःला इजा करणं, मरणाची भाषा, अनेक रात्री झोप नसणं, कोरडं राहणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागणं, वयाला न शोभणारं लैंगिक वागणं, बोलता बोलता हरवून जाणं. जिल्हा रुग्णालयात दाखवता येतं. रात्री-अपरात्री तुम्हाला स्वतःलाच धीर हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. तिच्यावर अत्याचार झाल्याचा संशय आला तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि बाल कल्याण समिती. तिची उलटतपासणी तुम्ही घ्यायची नाही.

आता तिच्या आईबद्दल, कारण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: "भेटी बंद करता आल्या तर बरं होईल." मला ही इच्छा समजते. पण असं करू नका. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 44 मध्येच आहे की मुलाच्या हिताविरुद्ध आहे असं समितीला वाटल्याशिवाय आई-वडिलांच्या भेटी चालू राहायच्या. कायदा बाजूला ठेवला तरी, भेटीनंतरचा आकांत हा भेट वाईट असल्याचा पुरावा नाही. तो शोक आहे. आई जिवंत आहे, समोर बसते, केसांवरून हात फिरवते आणि मग पेठच्या गाडीत बसून निघून जाते. या मुलीला दर वेळी ताटातूट नव्याने सोसावी लागते. शिवाय तिच्या मनात एक ओझं असतं: इथे मला बरं वाटलं म्हणजे मी आईशी बेइमानी केली का? तुमच्याकडे हसून झालं की ती तुमच्यावरच चिडते ते यामुळे.

हे ओझं फक्त तुम्ही उतरवू शकता, तिच्या आईबद्दल आदराने बोलून. "तुझी आई आजारी आहे. आजारामुळे तिला सांभाळता येत नाही. तू काही केलंस म्हणून नाही. आणि तिच्यावर माया करायला इथे कोणाची ना नाही." हे दहा वेळा सांगावं लागेल, कारण मुलं घरातल्या प्रत्येक संकटाचं कारण स्वतःलाच समजतात. नातेवाइकांनाही आवरा. "माय मरो, मावशी जगो" ही म्हण कौतुकाने तुमच्यासमोर कोणीतरी म्हणेलच. माय आजारी असलेल्या मुलीच्या कानावर ती म्हण कशी पडत असेल, विचार करा. आणि दृष्ट काढायची असेल तर दोन्ही मुलांची काढा, त्यात माया आहे. पण "अपशकुनी", "कोणाचं रक्त कुणास ठाऊक" हे शब्द उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका. सासूबाई बोलत असतील तर तिथे तुमच्या यजमानांनी उभं राहायचं, तुम्ही नाही.

हाक मारत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. "आई म्हण" असा आग्रह चुकूनही नको, तिची आई आहे. मावशी, काकू, नावापुढे ताई, दोन-तीन पर्याय देऊन सोडून द्या. तिच्या बोलीतले शब्दही सुधारत बसू नका. कोकणा बोली हे तिच्या मागच्या घरातलं तिच्याजवळ उरलेलं थोडकं धन आहे. उलट तुम्हीच तिच्याकडून चार शब्द शिका. तुम्हाला शिकवताना ती पहिल्यांदा तुमच्यापेक्षा वरचढ असेल, आणि ते तिला हवंय.

तिच्यासाठी एक वही करा. आम्ही तिला "माझी गोष्ट" म्हणतो. गाव, आईचं नाव, बालगृहातल्या मैत्रिणी, शाळा, इथे आली तो दिवस, मिळतील ते फोटो. अनेक घरं बदललेल्या मुलांच्या आठवणींत मोठी भोकं असतात, कारण त्यांचं लहानपण पाहिलेलं माणूस शेजारी नसतं. वही तिची, कपाट तिचं, दाखवायची की नाही हेही तिनेच ठरवायचं. फोटोंवरून आठवलं, तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवू नका, कितीही गोड असला तरी. अशा मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. आणि आपली कहाणी सोसायटीच्या ग्रुपवर फिरते आहे हे नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर कळतं. शाळेतही वर्गशिक्षिकेला गरजेपुरतंच सांगा.

मुलाबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. मला त्याची काळजी जास्त वाटली. तेरा वर्षांच्या मुलाची खोली, आईचा वेळ, बाबांचं लक्ष, सगळं चार महिन्यांत अर्धं झालं आणि तक्रार केली की "तिचं बघ, तू किती सुखात आहेस" हे उत्तर. "तू मोठा आहेस" हे वाक्य काही महिने घरातून काढूनच टाका. त्याला म्हणू द्या की मला ती नको आहे. ऐकून घ्या, रागावू नका, उपदेश नको. "तुला राग येतोय हे बरोबरच आहे. ती इथेच राहणार आहे, आणि तुझंही काही कमी होऊ देणार नाही." मग आठवड्यातून एक ठरलेली वेळ फक्त त्याची, तिला न घेता. कोणी पांडवलेणीला चालत जातं, कोणी गंगापूर रोडवर सायकल काढतं, तुमचं तुम्ही बघा. त्याच्या वस्तूंना कुलूप असू द्या. माझ्याकडे आणायचं झालं तर त्याला आधी आणा.

आणि तुम्ही. काही दिवस असे येतील की ती तुम्हाला आवडणार नाही. समोर आली की जीव वैतागेल, मग त्या वैतागाची लाज वाटेल. हे जवळजवळ प्रत्येक प्रतिपालक आईने मला दार बंद करून, कुजबुजत सांगितलंय. देत राहून परत काहीच आलं नाही की माणसाची माया आटते, तो स्वभावदोष नाही. अशा दिवशी प्रेम दाखवायचा प्रयत्न सोडा, वेळापत्रक तेवढं सांभाळा. सातला उठवणं, वेणी, डबा, शाळेची रिक्षा, साडेआठला जेवण, दिवा मंद ठेवून झोप. या मुलांना मायेपेक्षा आधी अंदाज हवा असतो. उद्या काय होणार हे आज माहीत असणं. तुमच्याकडे माया नसेल त्या दिवशीही तुम्ही अंदाज देऊ शकता. आणि महिन्यातून एक दिवस दुसऱ्या प्रतिपालक कुटुंबाबरोबर चहा प्या. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला विचारा, ते गाठ घालून देऊ शकतात.

पैशांबद्दल थोडं, कारण लोक विचारायला लाजतात. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून अशा मुलासाठी महिना 4,000 रुपये मिळण्याची तरतूद आहे. ते घेण्यात कमीपणा नाही, त्यातून तिची तपासणी, थेरपीचा प्रवासखर्च निघू शकतो. समितीकडून घरी पाहणी होते, तेव्हा घर आवरून "सगळं छान आहे" म्हणू नका. अडचणी तिथेच सांगा.

कायमची तुमची होईल का? प्रतिपालकत्वाबद्दलच्या केंद्र सरकारच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, प्रतिपालक कुटुंबाला आता पाचऐवजी दोन वर्षांनंतर त्या मुलाला दत्तक घेण्यासाठी अर्ज करता येतो. पण त्यासाठी समितीने मूल कायदेशीररीत्या दत्तक द्यायला मोकळं असल्याचं जाहीर केलेलं असावं लागतं. तिची आई आहे, उपचार चालू आहेत, ती उद्या बरीही होऊ शकते. म्हणून "तू आता कायम इथेच" असं वचन तिला देऊ नका. तुमच्या हातात नसलेलं वचन मोडलं तर तिला तो तुमचा खोटेपणा वाटेल. "जोपर्यंत तू इथे आहेस तोपर्यंत आम्ही तुझं सगळं बघणार, आणि काही बदलणार असेल तर तुला सगळ्यात आधी सांगणार." एवढं वचन तुम्ही पाळू शकता. ती आईकडे परत गेली तर तुमचे चार महिने किंवा चार वर्षं फुकट गेली, असं मला वाटत नाही. पण तुम्हाला दुःख होईल, आणि तेव्हाही माझं दार उघडं आहे.

शनिवारच्या भेटीचं सांगते. शुक्रवारी रात्री जेवताना तिला सांगा की उद्या किती वाजता, कुठे, किती वेळ, परत कसं यायचं. आईसाठी काही न्यायचं का विचारा. तिने काढलेलं चित्रही चालेल. भेटीत तुम्ही थोड्या लांब बसा, पण दिसाल असं. निघताना "रडू नकोस" म्हणू नका. त्या संध्याकाळी क्लास, पाहुणे, बाहेर जेवण काही नको. वरण-भात किंवा खिचडी, रोजच्याच वेळी. ती आदळआपट करेल, कदाचित ताट ढकलेल. समजावत बसू नका, शिक्षाही नको, त्याच खोलीत आपलं काम करत बसा. जेवली नाही तर ताट झाकून ठेवा आणि कुठे ठेवलंय ते तिला सांगा.